पाच घरांची एक मशीन

माझ्या शिलाई मशीनच्या पाटाला उजव्या कोपऱ्यावर पत्र्याचा तुकडा ठोकलेला आहे. तिथलं लाकूड उडालं होतं. नवऱ्यानं तेलाचा रिकामा डबा कापला आणि चार खिळे मारून ठिगळ बसवलं. डब्यावर सूर्यफुलाचं चित्र होतं, ते कापताना अर्धंच आलं. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया त्या अर्ध्या सूर्यफुलाला हसायच्या. मी म्हणायची, पैसे शिलाईचे घेते, फुलाचे नाही. मशीन मला वडिलांनी लग्नात दिली. माझं माहेर कोंढ्याचं. सासरच्यांना पलंग हवा होता, वडिलांनी मशीन पाठवली, आणि त्यावरून लग्नघरात दोन दिवस तोंडं वाकडी होती. पुढं त्याच तोंडांनी त्या मशीनचं खाल्लं, हे मी सासूबाईंना त्यांच्या हयातीत दोन-तीनदा ऐकवलं. असा माझा स्वभाव आहे.

भंडाऱ्याजवळ, वरठीच्या पलीकडं आमचं गाव. नवरा सायकलीनं कारखान्यात जातो, ठेकेदाराच्या हाताखाली. गल्लीतल्या बाया मला बाई म्हणतात, आमच्याकडं थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. ब्लाउज द्यायला मला उशीर झाला तरी घाबरतं ते गिऱ्हाईकच.

माझ्या भिंतीला भिंत लागून जे घर आहे ते मासे धरणाऱ्यांचं. नवरा तलावात जाळं टाकायचा, आणि ती टोपली डोक्यावर घेऊन मासोळ्या विकत फिरायची. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. एक मुलगी. सकाळचा फेरा करून परतली की माझ्या दारापुढच्या छपरीत टेकायची, पानाखाली झाकलेल्या दोन-चार मासोळ्या काढून ठेवायची आणि म्हणायची, "बाई, हे तुमच्या वाट्याचं." विकून काही उरो न उरो, माझा वाटा रोज निघायचा. मी तिच्या मुलीचे फ्रॉक फुकट शिवून द्यायची. देणंघेणं असं चालायचं आणि ते कुणी कधी लिहून ठेवलं नाही.

मग गावात त्या कंपन्या आल्या, बायकांचा गट करून कर्ज देणाऱ्या. तारण नको, सातबारा नको. आधार कार्ड, आठ बाया आणि एकमेकींची हमी. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या सातजणींनी भरायचा. आमचा गट दर मंगळवारी सकाळी दहाला माझ्या छपरीत भरायचा. प्रमुख मी, कारण छपरी माझी, चटई माझी, आणि सही करताना ज्याच्यात कंप नव्हता तो हातही माझाच. बैठकीच्या सुरुवातीला उभं राहून शपथ घ्यावी लागे की कर्ज सांगितलेल्या कामालाच वापरीन आणि वेळेवर फेडीन. आम्ही ती शाळेतल्या प्रतिज्ञेच्या चालीवर म्हणायचो आणि हसू पदरात दाबायचो.

कंपनीचा साहेब पंचविशीतला, दूरच्या जिल्ह्यातला. आम्हा सगळ्यांना मावशी म्हणायचा. बोलायला गोड होता आणि मनानंही वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. पहिल्यांदा अर्ज भरायला बसला तेव्हा त्यानं माझ्या शेजारणीला विचारलं, "मावशी, व्यवसाय काय लिहू?"

"मासोळ्या विकतो, साहेब."

त्यानं पेन कागदावरून उचललं. म्हणाला, "मच्छी लिहिलं तर पावसाळ्याचे तीन महिने उत्पन्न नाही असं दिसतं. मग कर्ज कमी बसतं, नाहीतर बसतच नाही. शिलाई लिहू का? शिलाई बारा महिने चालते."

"मले तं सुईत दोरा ओवता येत नाही."

"कागदावरच ओवायचा आहे, मावशी."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पावसाळ्यात तलावात जाळं पडत नाही, तेव्हा त्या घरात हप्ता कुठून येणार, हे विचारणं त्याचं काम होतं. त्यासाठीच त्याला पगार होता. प्रश्न त्याच्या डोक्यात आलाही होता, नाहीतर तीन महिने हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नसता. त्यानं त्या तीन महिन्यांवर चटई टाकली. पण चटईची दुसरी कड धरायला आम्ही बसलोच होतो. त्या दिवशी आठांपैकी पाच अर्जांवर शिलाई लिहिलं गेलं. त्या पाचांत मशीनवर बसता येणारी मी एकटी.

पैसे हातात आले. तिच्या घरी सासूच्या दवाखान्याचं देणं होतं, ते गेलं, आणि उरलेल्यात तिनं छपरावर नवे पत्रे घातले. जुने पत्रे इतके सडले होते की पावसात ती मुलीचा अभ्यास खाटेखाली करून घ्यायची. पंधरा दिवसांनी साहेब फोटो काढायला आला. कर्जातून घेतलेली वस्तू आणि तिच्याशेजारी कर्जदार, असा फोटो वर पाठवावा लागतो म्हणाला. तो तिच्या घरात गेला, इकडं तिकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. फोटो गेला नाही तर त्याचा पगार अडकणार होता.

माझी मशीन तिकडं न्यावी, हे पहिल्यांदा कोण बोललं ते मला नीट आठवत नाही. बरीच वर्षं मी धरून चालले की तोच बोलला. अलीकडं मला वाटतं की मीच बोलले असेन. अशा वेळी पुढं होऊन मार्ग काढायची मला हौस आहे.

मशीन जड. एका बाजूनं मी धरली, दुसऱ्या बाजूनं साहेबानं, आणि ती मागून "सांभाळा, सांभाळा" करत आली. तिच्या गळ्यात मी माझा टेप अडकवला, मापाचा. पाय पायट्यावर कसा ठेवायचा ते दाखवलं. ती इतकी ताठ बसली की साहेब म्हणाला, मावशी, मशीन चालवताय, लग्नाला नाही बसलात. त्यावर तिला हसू फुटलं आणि फोटो हसतानाच निघाला. त्याच दुपारी मशीन आणखी तीन घरी गेली. शेवटी ती माझ्या घरी परत आली आणि माझाही फोटो निघाला. पाच घरं, पाच बाया आणि प्रत्येकीच्या कोपराजवळ तेच अर्धं सूर्यफूल. माझा फोटो तेवढा खरा होता. कर्जाच्या पैशांतून मात्र मी स्वयंपाकघराला टाइल्स लावून घेतल्या, आणि त्या टाइल्सबद्दल मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

तिनं पहिलं कर्ज चोख फेडलं आणि त्याच फोटोवर गटातून तिला पुन्हा नवं मिळालं. मग एका कंपनीचा माणूस गेला की दुसरीचा यायचा. तुमचा रेकॉर्ड चांगला आहे, आणखी मिळू शकतं. त्यांच्या मोबाइलवर सगळं दिसायचं, कुणाचं किती देणं आहे, कुठल्या वारी हप्ता आहे. दिसत असूनही ते देत होते. आणि ती घेत होती, हेही खरं. दुसऱ्या कंपनीचं घेतलं ते थोडं आमच्या गटाच्या हप्त्यांना गेलं, तिसरीचं दुसरीला. मी तिला एकदा टोकलं होतं, "कायले घेतं वो एवढं?" ती म्हणाली, "देऊन राहिले तं वाटते, देणारा पाहूनच देत असन ना, बाई. एवढे शिकलेले लोक हायेत." तिला खरोखर तसं वाटायचं. शिकलेल्या माणसानं हिशेब करून हो म्हटलं, म्हणजे आपल्याला झेपणार, असा तिचा समज होता. मी हे ऐकलं आणि हातातल्या ब्लाउजचं पुढचं काज करायला घेतलं.

मुलगी लग्नाला आली तेव्हा स्थळ मीच सुचवलं. माझ्या माहेराकडचं, कोंढ्याचं, शेती असलेलं घर. मुलगा चांगला होता. मंडळी पाहायला येणार म्हणून तिनं हप्त्यावर मोठा टीव्ही आणला आणि एक दिवाण. टीव्ही माझ्या टीव्हीपेक्षा मोठा होता. मी तो पाहून आले, चांगला आहे म्हणाले, आणि घरी येऊन नवऱ्याजवळ दोन तास जळले. टोपलीत मासोळ्या विकणारीच्या घरी भिंतभर टीव्ही, असं मी बोलले. हे लिहायला मला लाज वाटते. पण हे सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला तिच्या नवऱ्याच्या पायात तलावातला शिंपला घुसला. आधी त्यानं हळद दाबली. जखम भरेना तेव्हा दवाखान्यात शुगर निघाली, आणि तो घरात पडला. जाळं तर तसंही बंद होतं. एका मंगळवारी तिचा हप्ता आला नाही. आम्ही सातजणींनी मिळून भरला. पुढच्या मंगळवारीही भरला. तिसऱ्या मंगळवारी कुणाचा हात कमरेच्या पिशवीकडं गेला नाही.

जुन्या साहेबाची तोवर बढती होऊन बदली झाली होती. नवा साहेब चाळिशीचा, चहा न घेणारा. त्यानं खुर्ची ओढून दारातच टाकली आणि म्हणाला की पूर्ण वसुली झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. धानाच्या रोवण्याचे दिवस होते. सहाजणींना शेतात जायचं होतं, चिखल तयार होता, रोपं काढून ठेवलेली होती. एक तास गेला तशी प्रत्येकीची अर्धी मजुरी बुडाली. ती खांबाला टेकून खाली मान घालून बसली होती. मध्येच म्हणाली, "साहेब, पाणी थांबलं का देतो. पळून नाही चालली."

साहेबानं मोबाइल उघडला आणि तिचा तो जुना फोटो शोधून काढला. म्हणाला, "तुमच्याकडं शिलाई मशीन आहे. कर्जातून घेतलेली. ती विका, दोन महिन्यांचे हप्ते निघतील."

 त्यानं मोबाइल आमच्याकडं फिरवला. फोटोत ती हसत होती, गळ्यात टेप होता, आणि पाटाच्या कोपऱ्यावर सूर्यफूल स्पष्ट दिसत होतं. माझ्या घराचं दार उघडं होतं. मशीन दारासमोरच असते, उजेडासाठी. साहेबानं मान वळवली, आत पाहिलं, परत मोबाइल पाहिला.

"हीच ना ती? इथं कशी आली? इकडं लपवून ठेवली का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. नजरेत मागणं नव्हतं, तक्रारही नव्हती. मी काय बोलते ते ऐकायला तिनं फक्त मान वर केली होती. मी त्या क्षणी काय काय बोलू शकले असते, ते मी नंतर कितीदा तरी मनात बोलून पाहिलं आहे. साहेब, ही मशीन पाच घरी गेली. तुमच्याच कंपनीच्या माणसानं ती एका बाजूनं उचलली होती. मासोळ्याच्या जागी शिलाई लिहिलं ते त्यानं. टेप तिच्या गळ्यात घातला तो मी. इतकं बोलायला किती वेळ लागतो.

मी म्हटलं, "मशीन माझी आहे. माझ्या वडिलांनी दिलेली. तिनं फोटोसाठी मागून नेली होती."

एवढंच बोलले. त्यातला शब्दही खोटा नव्हता.

साहेब तिच्याकडं वळला. "म्हणजे तुम्ही खोटा फोटो देऊन कर्ज उचललं?"

ती म्हणाली, "हो, साहेब. मीच मागून नेली. कायले नेऊन राहिली ते बाईले माहीत नव्हतं."

तिच्या तोंडून हे निघालं आणि छपरीतला ताण एकदम सैल झाला. ज्या तिघींच्या घरी माझी मशीन फोटो काढून घ्यायला गेली होती, त्याच आधी बोलायला लागल्या. ऐपत नव्हती तं कायले घेतलं. आमची मजुरी बुडवून राहिली. आपलं अंथरूण पाहून पाय पसरावे ना. आणि मी, जिला तिनं नुकतंच वाचवलं होतं, म्हणाले, "टीव्ही आणताना नाही आठवलं का वो हे?"

ती मला कधी उलटून बोलली नव्हती, तेव्हाही बोलली नाही. साहेबानं तिच्याकडून कागद मागितला. खोटी माहिती दिली, दोन महिन्यांत सगळी रक्कम भरीन, नाहीतर पोलिसात तक्रार झाली तर माझी हरकत नाही, असा. तिला सहीपुरतं लिहिता यायचं. गटप्रमुखानं लिहून द्यावं म्हणाला. तो कागद मी लिहिला. माझं अक्षर वळणदार आहे, शाळेत त्यासाठी बक्षीस मिळालं होतं. खाली तिनं हळूहळू सही केली आणि पेन पुसून मला परत दिलं.

नंतरचं लवकर उरकलं. टीव्ही दुकानवाले घेऊन गेले. दिवाण गल्लीतच विकला गेला. शेवटी डोंगा गेला, तिच्या सासऱ्यानं स्वतः घडवलेला, ज्यात उभं राहून तिचा नवरा जाळं फेकायचा. डोंग्याच्या पैशांत एका कंपनीचे काही हप्ते भागले आणि तोवर दुसरी दारात आली होती. कोंढ्याच्या मंडळींनी निरोप धाडला की यंदा लग्न करायचं नाही. त्यांना कागदाचं कसं कळलं, असं गल्लीत विचारत होते. मी माझ्या भावजयीला फोनवर सांगितलं होतं. मन मोकळं करायला म्हणून सांगितलं, आणि सांगताना माझा भाग गाळून सांगितलं.

दिवाळीच्या आधी ते नागपूरला गेले. तिथं नव्या इमारतीवर राखणदाराचं काम मिळत होतं, दोघांना मिळून एक खोली. जायच्या सकाळी ती छपरीत आली. टोपली नव्हती, म्हणून तिचे हात मोकळे मोकळे वाटत होते. घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घराकडं पाहत जा, बाई. येतो मी." मी म्हटलं, ये. गाडीची वेळ विचारली, डबा घेतला का विचारलं. वरठी स्टेशनपर्यंत माझ्या नवऱ्यानं त्यांचं गाठोडं सायकलीवर नेलं. मी गेले नाही, एक ब्लाउज द्यायचा होता.

दोन वर्षं तिचा फोन नव्हता आणि मीही केला नाही. किल्ली मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीत पडून होती. पावसाळ्यापूर्वी मी तिच्या घरात जाऊन पत्रे पाहायची, वाळवी झाडायची आणि कुलूप लावून यायची. एवढं केलं की दोन-चार दिवस मला बरं वाटायचं.

मग एका सकाळी तिचा फोन आला. मुलीला दवाखान्यात आयाचं काम लागलं होतं, घरात दोन पैसे येत होते. म्हणाली, "बाई, भंडाऱ्याच्या ऑफिसात जाऊन विचारता का, माझं किती राहिलं? थोडं थोडं करून देऊन टाकतो. त्या कागदावर माझी सही हाये, ते डोक्यातून जात नाही."

मी दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याला गेले. ऑफिसात आतल्या टेबलावर तोच होता, आमचा जुना साहेब. थोडा सुटला होता, डोळ्यांना चष्मा आला होता. मला त्यानं ओळखलं आणि उठून खुर्ची दिली. "मावशी, मशीन चालते का अजून?"

मी तिचं नाव सांगितलं. त्यानं संगणकावर पाहिलं. "हे खातं कंपनीनं मागच्या वर्षीच सोडून दिलं. वसूल होणार नाही म्हणून तोट्यात टाकलं. आता आम्ही मागं लागत नाही."

"मग ती काही देणं लागत नाही?"

"लागते. रेकॉर्डला नाव खराब राहील, पुन्हा कुठं कर्ज मिळणार नाही. पण कंपनीच्या दृष्टीनं विषय संपला. अशी शेकड्यानं खाती असतात, मावशी. आम्ही ते धरूनच चालतो."

ते धरूनच चालतो, हे तो अगदी साधेपणानं म्हणाला. काही जणी बुडणार, हे त्यांच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून होतं. फक्त ती कोण, हे लिहायचं बाकी होतं. माझा राग डोक्यात गेला. मी म्हटलं, "साहेब, तिच्या घरी मशीन नव्हती हे तुम्हाला माहीत होतं. एका बाजूनं तुम्हीच धरली होती."

तो चिडला नाही. चष्मा काढून पुसला. "होतं माहीत. मला टार्गेट होतं, मावशी, घरी माझ्याही बहिणीचं लग्न होतं. पण कुणाच्या हातात मी जबरदस्तीनं पैसे कोंबले नाहीत. आणि दुसऱ्या बाजूनं कोणी धरली होती?"

 त्यानं चहा मागवला. मी तो चहा प्यायले. त्याच्या टेबलावर आम्हा दोघांचंही चुकलेलं पडलं होतं. पण त्याला बढती मिळाली होती, माझ्या स्वयंपाकघरात टाइल्स होत्या, आणि डोंगा तिचा गेला होता.

घरी येऊन तिला फोन लावला. सांगितलं की कंपनीनं सोडलं.  तिच्या मागं कुठं तरी सिमेंटची मशीन घरघरत होती.

"सोडलं म्हंता," ती म्हणाली. "मंग डोंगा काहून घेतला, बाई?"

 मी म्हटलं, त्यांचे नियम असतात. ती हं म्हणाली. मला रडू येत होतं आणि ते मी तिला ऐकू दिलं. म्हटलं, "त्या दिवशी छपरीत मी जे बोलले ना, ते मी..."

तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "ते कायले काढता, बाई. मले तवाच समजलं होतं. तुमी पाच घरांचं सांगितलं असतं तं पाचही जणी अडकल्या असत्या. एकीवर भागलं. तुमी मोठ्या, तुमाले साऱ्या गल्लीचं पाहावं लागते. पोरीलेही मी तसंच सांगितलं. ती तुमच्यावर रागावली होती ना. म्हटलं, बाईनं चार घरं वाचवली."

फोन कानाला तसाच धरून मी मशीनपाशी उभी होते. मला त्या दिवशी चार घरं सुचली नव्हती. मला माझी मशीन दिसली होती आणि तिचा टीव्ही दिसला होता, बाकी काही नाही. दोन वर्षं ती परक्या शहरात एका खोलीत राहून माझ्यासाठी हे कारण जपत आली, आणि लेकीच्या मनातही तिनं तेच घातलं. ते खोटं आहे हे मी सांगितलं असतं तर तिचं काय गेलं ते तिला पुन्हा नव्यानं कळलं असतं. नाही सांगितलं तर मी चार घरं वाचवणारी बाई राहणार होते. यातलं कुठल्या कारणानं मी गप्प राहिले, ते मी स्वतःला विचारते आणि उत्तर ऐकायला थांबत नाही.

"घर कसं हाये, बाई?" तिनं विचारलं. "पत्रे गळत नाही ना?"

मी म्हटलं, "नाही वो. चांगले आहेत पत्रे."

त्या फोनवर मी तिच्याशी तेवढंच खरं बोलले.